इग्निशन बॉक्स ॲनालॉग घ्यावा की डिजिटल?

कार्ब्युरेटरवाल्या जुन्या गाडीत इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवायचं मनात आलं की पहिला प्रश्न हमखास हाच येतो: बॉक्स ॲनालॉग घेऊ की डिजिटल? मला कुणी हे विचारलं की मी आधी एक उलटा प्रश्न करतो. स्पार्क कधी पडायचा हे तुमच्या गाडीत कोण ठरवणार, डिस्ट्रिब्युटर (इंजिनाबरोबर फिरून प्रत्येक प्लगला स्पार्क वाटणारा भाग) की बॉक्स? त्याचं उत्तर मिळालं की पहिल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मिळालेलंच असतं. उरलेलं निम्मं तुमच्या कॉईलमध्ये, वायरिंगमध्ये आणि अर्थिंगमध्ये सापडतं.

हा लेख नवख्यांसाठी आहे. मल्टिमीटर धरता येतो, पाना चालवता येतो, पण इग्निशनला अजून हात लावलेला नाही, असा वाचक मी डोळ्यांपुढे ठेवला आहे. गाडीत फ्युएल इंजेक्शन असेल आणि इग्निशन मूळच्या ईसीयूकडेच, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरकडेच असेल, तर वेगळा बॉक्स घ्यायची सहसा गरज पडत नाही. इथे विषय डिस्ट्रिब्युटरवर चालणाऱ्या गाड्यांचा आहे. गॅरेजात त्या डिस्ट्रिब्युटरला बरेच जण नुसतं ‘डेल्को’ म्हणतात.

बॉक्स नेमकं काय करतो

इग्निशनची कामं दोन. कॉईलमधून करंट सोडायचा आणि तो नेमक्या क्षणी तोडायचा. करंट वाहत असताना कॉईलमध्ये चुंबकीय क्षेत्र साठतं. करंट तुटला की ते क्षेत्र कोसळतं आणि सेकंडरीच्या वेढ्यांत हजारो व्होल्ट तयार होतात. चालत्या इंजिनात प्लगला साधारण 10 ते 20 हजार व्होल्ट लागतात. चार्ल्स केटरिंग यांची ही बॅटरी-कॉईलची पद्धत 1910 च्या कॅडिलॅकमध्ये आली आणि पुढे अनेक दशकं बहुतेक पेट्रोल कार त्याच पद्धतीवर पळाल्या.

त्या पद्धतीत करंट तोडायचं काम पॉईंट, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधले उघडझाप करणारे धातूचे संपर्क, करतात. पॉईंटमधून चारेक अँपिअरपेक्षा जास्त करंट नेला तर ते लवकर जळतात. कॅमवर घासणारी त्यांची टाच झिजली की गॅप कमी होते, पॉईंट उशिरा उघडतात आणि टायमिंग (स्पार्क पडायचा क्षण) मागे सरकतं. म्हणून काही हजार किलोमीटरनंतर गाडी ‘उचलत नाही’ अशी तक्रार सुरू होते आणि लोक कार्ब्युरेटर खोलून बसतात.

आता थोडं गणित करू, कारण पुढचा सगळा निर्णय त्यावर उभा आहे. चार सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन 6000 आरपीएमला सेकंदाला 200 स्पार्क मागतं. म्हणजे दोन स्पार्कमध्ये 5 मिलिसेकंद मिळतात. पॉईंट त्यातला साधारण 60 टक्के वेळ एकमेकांना टेकलेले असतात, म्हणजे कॉईल भरायला 3 मिलिसेकंद. 3 ओहमच्या साध्या कॉईलचा करंट तेवढ्या वेळात पूर्ण मर्यादेच्या जेमतेम 63 टक्क्यांपर्यंत चढतो. साठलेली ऊर्जा करंटच्या वर्गावर अवलंबून असते, त्यामुळे हातात राहते पूर्ण ऊर्जेच्या 40 टक्के. वरच्या आरपीएमला गाडी मिस मारते त्याचं एक मोठं कारण हे आहे. व्ही-8 मध्ये तर दोन स्पार्कमधला वेळ याच्याही निम्मा असतो.

बॉक्स आला की करंट तोडायचं काम ट्रान्झिस्टरकडे जातं. तो जळत नाही, घासत नाही आणि जास्त करंट पेलतो. म्हणून कमी रेझिस्टन्सची, झटकन भरणारी कॉईल वापरता येते. एवढा फायदा ॲनालॉग आणि डिजिटल दोन्हींत मिळतो. पॉईंटवरून येणाऱ्याला जो बदल सगळ्यात जास्त जाणवतो तो हाच, आणि त्यासाठी डिजिटलची सक्ती नाही.

पाटीवरच्या शब्दाला भुलू नका

ॲनालॉग बॉक्समध्ये ट्रान्झिस्टर, रेझिस्टर, कपॅसिटर असतात. सिग्नल आला की ते थेट प्रतिसाद देतात. डिजिटल बॉक्समध्ये मायक्रोप्रोसेसर असतो. तो दोन सिग्नलमधला वेळ मोजतो, हिशेब करतो आणि मग हुकूम देतो. फरक एवढाच. पण बाजारात ‘ॲनालॉग म्हणजे जुनाट, डिजिटल म्हणजे सगळं काही’ असा जो समज पसरलाय तो चुकीचा आहे, आणि त्यापायी लोक नको त्या वस्तूवर पैसे घालवतात.

इतिहासच बघा. क्रायस्लरने 1976 च्या मॉडेलांत लीन बर्न नावाची यंत्रणा आणली. तिच्यात एअर क्लीनरच्या डब्यावर बसवलेला कॉम्प्युटर टायमिंग ठरवायचा आणि तो कॉम्प्युटर ॲनालॉग होता. पुढच्याच वर्षी, 1977 मध्ये, ओल्ड्समोबिल टोरोनाडोत जनरल मोटर्सची मिसार ही मायक्रोप्रोसेसरवर टायमिंग ठरवणारी यंत्रणा आली. 1979 मध्ये बॉशच्या मोट्रॉनिकने इंजेक्शन आणि इग्निशन दोन्ही एकाच डिजिटल युनिटखाली आणले. उलट बाजूने पाहिलं तर जनरल मोटर्सचं 1975 चं एचईआय (हाय एनर्जी इग्निशन) मॉड्यूल चार पिनांचं, अंगठ्याएवढं, पूर्ण ॲनालॉग. तरीही कॉईल भरायचा वेळ आरपीएमनुसार बदलायची आणि करंटला लगाम घालायची अक्कल त्याच्यात आहे.

डिजिटलमध्येही दोन जाती आहेत आणि खरेदीतली सगळ्यात मोठी गल्लत इथेच होते. पहिल्या जातीत प्रोसेसर फक्त स्पार्क आणि रेव्ह लिमिटर (आरपीएम ठरावीक मर्यादेवर रोखणारी सोय) सांभाळतो, टायमिंग मात्र डिस्ट्रिब्युटरकडूनच येतं. एमएसडीचा डिजिटल 6एएल हे याचं उदाहरण. त्याच्या ॲनालॉग भावंडात रेव्ह लिमिट बदलायला वेगवेगळे छोटे मॉड्यूल खोचावे लागतात. डिजिटलमध्ये दोन गोल डायल फिरवून 100 आरपीएमच्या टप्प्याने ते लावता येतं. ॲडव्हान्सचा कर्व्ह (कोणत्या आरपीएमला स्पार्क किती अंश आधी पडायचा त्याचा आलेख) मात्र दोन्हींत डिस्ट्रिब्युटरमधल्या वजनांचा आणि स्प्रिंगांचाच. दुसऱ्या जातीत ॲडव्हान्सचा नकाशा, म्हणजे आरपीएम आणि भारानुसार किती ॲडव्हान्स द्यायचा त्याचा तक्ता, बॉक्समध्येच असतो. कधी तो डिस्ट्रिब्युटरच्या पोटातच बसवलेला असतो, जसा 123 इग्निशनमध्ये. कधी क्रँकवर दात असलेली चकती बसवून डिस्ट्रिब्युटरला रजाच दिलेली असते, जशी मेगाजोल्ट हा टायमिंग ठरवणारा कंट्रोलर आणि फोर्डचं ईडीआयएस हे स्पार्क मॉड्यूल यांच्या जोडीत.

तेव्हा ‘डिजिटल’ हा शब्द वाचून थांबू नका. माहितीपत्रकात ॲडव्हान्स कर्व्ह बदलता येतो असं स्पष्ट लिहिलंय का, तेवढं शोधा.

पायरी 1: आहे तो डिस्ट्रिब्युटर तपासा

यासाठी काही विकत घ्यावं लागत नाही. इग्निशन बंद करा, कॅप काढा. रोटर बोटांत धरून तो ज्या दिशेने फिरतो त्या दिशेने हलकेच पिळा. काही अंश सरकून तो स्प्रिंगच्या जोरावर आपोआप मागे आला पाहिजे. मागे आलाच नाही किंवा कचकच करत आला, तर खालची ॲडव्हान्सची वजनं गंजली आहेत किंवा स्प्रिंग ढिल्या पडल्या आहेत. नंतर शाफ्ट आडवा हलवून पाहा. बोटांना खडखड जाणवली तर बुश झिजलेत.

मग भारानुसार टायमिंग बदलणाऱ्या व्हॅक्यूमची नळी कार्ब्युरेटरकडून काढा, टोक स्वच्छ पुसा आणि तोंडाने ओढा. आतली प्लेट सरकताना दिसली पाहिजे. आता जिभेने टोक बंद करा. प्लेट तशीच थांबली तर डायफ्रॅम (आतला पातळ पडदा) शाबूत आहे, हळूहळू परत आली तर तो फाटलाय. ही तपासणी दोन मिनिटांची आहे, पण फाटक्या डायफ्रॅमवर वर्षानुवर्षं फिरणाऱ्या आणि पेट्रोल जास्त पिणाऱ्या गाड्या मी इतक्या पाहिल्यात की याबाबतीत मी कुणालाच सूट देत नाही.

तिन्ही तपासण्यांत डिस्ट्रिब्युटर पास झाला आणि इंजिन कंपनीतून आलं तसंच आहे, तर टायमिंग त्याच्याकडेच राहू द्या. ॲनालॉग बॉक्स पुरेसा आहे. अशा गाडीत नकाशावाला डिजिटल बॉक्स घालून जे हाती लागेल ते थोडं असेल आणि जुळवाजुळवीचे तास पुष्कळ जातील.

डिस्ट्रिब्युटर झिजलाय, सुटे भाग मिळत नाहीत, कॅम बदललाय, कॉम्प्रेशन वाढवलंय, टर्बो लावलाय, किंवा आजचं पेट्रोल त्या जुन्या कर्व्हला झेपत नाही म्हणून चढावर नॉकिंग (इंजिनातली टिणटिण) होतंय, यातलं एखादं तरी तुमच्या बाबतीत खरं असेल तर नकाशावाला डिजिटल घ्या. वजनं आणि स्प्रिंग मिळून फार तर दोन उतारांचा कर्व्ह देऊ शकतात. ‘2500 ते 3000 मध्ये, भार असताना फक्त, 3 अंश मागे’ असं त्यांना सांगता येत नाही. बॉक्सला सांगता येतं. टर्बोत तर दर 1 पीएसआय बूस्टला साधारण 1 अंश टायमिंग मागे घ्यावं लागतं, आणि तिथे ॲनालॉगवर अडून बसणं म्हणजे पिस्टनशी खेळ आहे.

शाफ्टच्या खेळाबद्दल एक सूचना. नकाशावाला बॉक्स झिजलेल्या डिस्ट्रिब्युटरमधूनच सिग्नल घेणार असेल तर झीज तशीच राहते, नकाशा कितीही सुबक असो. सिग्नल क्रँकवरून घेतला किंवा अख्खा डिस्ट्रिब्युटर बदलला तरच ती जाते.

पायरी 2: सिग्नल कुठून येतो ते पाहा

डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉईंट आहेत, मॅग्नेटिक पिकअप आहे की हॉल सेन्सर (हे दोन्ही शाफ्टची जागा चुंबकाच्या मदतीने ओळखतात), हे ओळखा. पॉईंटला एकच वायर असते. मॅग्नेटिक पिकअपला दोन असतात आणि तो स्वतःच एसी व्होल्टेज तयार करतो, वेग वाढेल तसं जास्त. हॉल सेन्सरला तीन वायरी: सप्लाय, अर्थ आणि सिग्नल. बॉक्स यातलं काय स्वीकारतो ते त्याच्या सूचनापत्रात असतं. न जुळणारा बॉक्स स्वस्तात मिळाला तरी सोडून द्या.

मॅग्नेटिक पिकअपच्या दोन वायरी उलटसुलट जोडल्या तरी गाडी बहुधा सुरू होते, आणि म्हणूनच ही चूक लवकर सापडत नाही. बॉक्स लाटेच्या चुकीच्या कडेवर स्पार्क देतो, टायमिंग सरकतं, आरपीएम वाढले की आणखी भरकटतं. टायमिंग लाईटखाली (स्पार्कबरोबर चमकून पुलीवरची खूण दाखवणारा दिवा) खूण थरथरताना दिसली तर दुसरं काही करण्याआधी या दोन वायरी आपसांत अदलाबदल करून बघा.

आणखी एक गोष्ट बॅटरीची. काही जुन्या गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या असतात. बहुतेक बॉक्स निगेटिव्ह अर्थसाठीच बनवलेले असतात आणि उलटे जोडले तर एका क्षणात जातात.

पायरी 3: कॉईल आणि बॉक्सची जोडी

कॉईलच्या वायरी सोडवा आणि प्लस-मायनसमध्ये ओहम मोजा. 3 च्या आसपास आलं तर पॉईंटसाठीची साधी कॉईल. 1.5 च्या आसपास आलं तर ती बॅलास्ट रेझिस्टरसोबत (कॉईलचा करंट कमी ठेवणारा वेगळा रेझिस्टर) चालणारी. 1 च्या खाली आलं तर इलेक्ट्रॉनिक इग्निशनसाठीची.

ओहमचा नियम इथे रोखठोक आहे. 12 व्होल्टला 3 ओहम, म्हणजे 4 अँपिअर. तेच 0.6 ओहम, म्हणजे 20 अँपिअर. एखादा साधा ॲनालॉग बॉक्स पॉईंटसारखाच शाफ्टच्या फिरण्याच्या ठरलेल्या कोनापुरता करंट चालू ठेवतो. त्याला 0.6 ओहमची कॉईल जोडली की आधी कॉईल तापते, मग बॉक्स. करंटला मर्यादा घालणारा बॉक्स, मग तो ॲनालॉग असो वा डिजिटल, तिथे टिकतो. म्हणून माहितीपत्रकात दोन गोष्टी शोधा: कॉईलचा किमान रेझिस्टन्स किती चालतो, आणि इंजिन बंद असताना इग्निशन चालू राहिलं तर बॉक्स करंट स्वतः तोडतो का. दुसरी सोय नसेल तर रेडिओ ऐकत बसण्यासाठी चावी इग्निशनवर ठेवायची सवय सोडावी लागेल.

डिजिटलचं खरं कौतुक मला इथे वाटतं. समजा कॉईल 0.6 ओहम, 5 मिलिहेन्रीची आहे आणि तिला 7 अँपिअरपर्यंत भरायचंय. 13.5 व्होल्टला त्यासाठी साधारण 3 मिलिसेकंद लागतात. थंडीत स्टार्टर फिरत असताना बॅटरी 9 व्होल्टवर आली की त्याच कामाला 5 मिलिसेकंदांहून थोडा जास्त वेळ लागतो. डिजिटल बॉक्स व्होल्टेज मोजून हा वेळ दर स्पार्कला बदलत राहतो. स्टार्टला पूर्ण स्पार्क मिळतो आणि हमरस्त्यावर कॉईल थंड राहते.

बॅलास्ट आहे का हेही नक्की करा. पॉईंट एकमेकांना टेकलेले असताना इग्निशन चालू करून कॉईलच्या प्लसवर व्होल्टेज मोजा. 6 ते 9 व्होल्ट दिसले तर मध्ये बॅलास्ट आहे. कधी तो चिनीमातीचा ठोकळा असतो आणि दिसतो. कधी हार्नेसमधली रेझिस्टन्स वायरच बॅलास्टचं काम करते, ती दिसत नाही. बॉक्सचा सप्लाय कुठल्याही परिस्थितीत बॅलास्टच्या आधीच्या पूर्ण 12 व्होल्टवरून घ्या.

सीडीआयबद्दल थोडक्यात

बॉक्स निवडताना ‘सीडीआय’ (कपॅसिटर डिस्चार्ज इग्निशन) हा शब्दही आडवा येतो. तो ॲनालॉग-डिजिटलपेक्षा वेगळा प्रश्न आहे. सीडीआयमध्ये बॉक्स स्वतःच्या कपॅसिटरमध्ये काहीशे व्होल्ट साठवतो आणि ते एका झटक्यात कॉईलमध्ये ओततो. व्होल्टेज फार वेगाने चढतं, त्यामुळे तेलकट, काजळलेले प्लगही पेटतात. पण स्पार्क क्षणभरच टिकतो. साध्या इंडक्टिव्ह पद्धतीत तो मिलिसेकंदाच्या घरात टिकतो आणि पातळ मिश्रण पेटवायला ते बरं पडतं. ही उणीव भरायला अनेक सीडीआय बॉक्स कमी आरपीएमला एकाऐवजी स्पार्कची माळ देतात. रोज शहरातून शांतपणे चालवायच्या गाडीला मी इंडक्टिव्ह सुचवेन. शर्यतीच्या किंवा तेल खाणाऱ्या इंजिनाला सीडीआय.

सीडीआयच्या कॉईलच्या टोकांना चालू स्थितीत हात लावू नका, टेस्ट लॅम्पही लावू नका. काहीशे व्होल्टचा तो झटका जिवावर बेतू शकतो. पेसमेकर असलेल्या माणसाने तर चालू इंजिनाच्या इग्निशनपासून लांबच राहावं.

पायरी 4: जागा, अर्थ आणि वायरी

बॉक्स ‘खराब निघाला’ अशा तक्रारींत मला तीन गोष्टी पुन्हा पुन्हा सापडल्या आहेत: उष्णता, अर्थ आणि नॉईज, म्हणजे वायरींत शिरणारे नको ते विद्युत सिग्नल. पहिली सोपी आहे. बॉक्स एक्झॉस्टपासून लांब, जमल्यास हवा लागेल अशा जागी, पत्र्याला घट्ट. मॉड्यूलखाली उष्णता वाहून नेणारी पेस्ट सांगितली असेल तर ती लावायचीच. गाडी 20 मिनिटं नीट चालून बंद पडते आणि अर्ध्या तासाने जणू काही झालंच नाही अशी सुरू होते, हे तापलेल्या मॉड्यूलचं खास लक्षण आहे. कॉईलचं आणि कंडेन्सरचंही. बंद पडल्याबरोबर, इग्निशन बंद करून, एकेकावर ओलं फडकं ठेवून थंड करा आणि कोणावर ठेवल्यावर गाडी सुरू होते ते पाहा.

अर्थसाठी मल्टिमीटर व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या मायनस खांबावर, क्लॅम्पवर नव्हे. दुसरं बॉक्सच्या अर्थ वायरीच्या शेवटी. दुसऱ्या माणसाला स्टार्टर मारायला सांगा. आकडा 0.2 व्होल्टच्या आत राहिला पाहिजे. 0.5 किंवा 1 व्होल्ट आला तर बॉक्सची अर्थ वायर थेट बॅटरीपर्यंत न्या आणि इंजिन ते बॉडीची पट्टी काढून तिची दोन्ही टोकं घासून पुन्हा आवळा. ॲनालॉग बॉक्स एवढा ढिला अर्थ कसाबसा सहन करतो. डिजिटलमध्ये मात्र तेवढ्यानेच प्रोसेसर स्टार्टरच्या प्रत्येक झटक्याला रीसेट होतो आणि चावी सोडताच, शेवटच्या क्षणी, एखादा स्पार्क पडून इंजिन ‘फट्’ करतं. चावी सोडतानाच गाडी पकडायचा प्रयत्न करतेय असं दिसलं की समजा, बॉक्सला स्टार्टरच्या वेळी पुरेसं व्होल्टेज मिळत नाहीये.

आता नॉईज. माझ्या पहिल्या डिजिटल बॉक्सने मला तीन आठवडे छळलं. गाडी 2500 आरपीएमपर्यंत मऊ चालायची आणि पुढे मधूनच एखादा धक्का. मी जेट बदलले, फ्लोट बदलला, पेट्रोलचा पंप बदलला. मग एका संध्याकाळी अंधारात चालवताना टॅकोमीटरच्या सुईकडे लक्ष गेलं. धक्क्याच्या क्षणी ती 2500 वरून थेट 4000 ला उडी मारून परत येत होती. इंजिन एवढ्या झटक्यात 4000 ला जाऊच शकत नाही. म्हणजे बॉक्सला खोटे सिग्नल मिळत होते. प्लगच्या तारा जुन्या, सलग तांब्याच्या होत्या, दिसायला भक्कम, आणि एक तार पिकअपच्या वायरीला चिकटून जात होती. तारा बदलून सर्पिल वेढ्यांच्या, नॉईज दाबणाऱ्या सप्रेशन तारा लावल्या आणि पिकअपची वायर वेगळ्या बाजूने नेली. तो धक्का पुन्हा आला नाही. कार्ब्युरेटर मात्र मी उगाचच बिघडवून ठेवला होता, तो जागेवर आणायला आणखी एक रविवार गेला.

तेव्हा डिजिटल घेणार असाल तर सप्रेशन तारा आणि रेझिस्टर असलेले प्लग हे बॉक्सच्याच किमतीत धरा. एनजीकेच्या नंबरात हा रेझिस्टर ‘आर’ अक्षराने कळतो: बीपी6ईएसमध्ये तो नाही, बीपीआर6ईएसमध्ये आहे. पिकअपची वायर प्लगच्या तारांपासून आणि कॉईलच्या वायरीपासून लांब न्या, आणि ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा.

बॉक्स बदलल्यावर टॅकोमीटर बंद पडला तर घाबरू नका. जुने टॅको कॉईलच्या मायनसवरून सिग्नल घेतात. सीडीआयमध्ये ते चालत नाही, बॉक्सच्या टॅको वायरीवर जोडावं लागतं आणि काही टॅकोंना वेगळा ॲडॅप्टर लागतो.

पायरी 5: नकाशावाल्यांसाठी रोटरची जागा

हा भाग फक्त टायमिंग बॉक्सकडे देणाऱ्यांसाठी, बाकीच्यांनी पुढे जावं. डिस्ट्रिब्युटरमधली वजनं आता लॉक करायची असतात आणि व्हॅक्यूमची प्लेटही. नाहीतर दोघं मिळून ॲडव्हान्स देतील आणि बेरीज इंजिनाच्या अंगावर येईल.

लॉक केल्यावर नवी अडचण उभी राहते. पूर्वी ॲडव्हान्ससोबत रोटरही पुढे सरकायचा. आता स्पार्क 10 अंशांवर पडो की 34 अंशांवर, रोटर मात्र क्रँकला जखडलेला. क्रँकचे 24 अंश म्हणजे डिस्ट्रिब्युटरचे 12. स्पार्क पडताना रोटरचं टोक कॅपमधल्या पिनेपासून फार लांब राहिलं तर स्पार्क शेजारच्या पिनेवर उडी मारतो. हे डोळ्यांनी पाहायची युक्ती अशी: एक जुनी कॅप घ्या आणि एक नंबरच्या पिनेजवळ बोटाएवढं भोक पाडा. ती कॅप लावून गाडी सुरू करा आणि टायमिंग लाईट भोकावर मारा. रोटरचं टोक जागच्या जागी गोठलेलं दिसेल. सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त ॲडव्हान्सला ते पिनेच्या दोन्ही बाजूंना सारखंच सरकलेलं दिसलं की जागा बरोबर.

पहिला नकाशा कंपनीच्या मूळ कर्व्हसारखाच भरा. बहुतेक जुन्या इंजिनांत पूर्ण थ्रॉटलचा एकूण ॲडव्हान्स 30 ते 36 अंशांत असतो, तुमच्या इंजिनाचा आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या. तिथून एका वेळी एकाच जागी, 2 अंशांच्या टप्प्याने बदल करा. भाराखाली टिणटिण ऐकू आली तर ताबडतोब 2 अंश मागे. मूळ फाईलची एक प्रत वेगळी जपून ठेवा.

पायरी 6: पहिला स्टार्ट

सगळं जोडून झालं की बॅटरी जोडण्याआधी प्रत्येक वायर सूचनापत्राशी बोट ठेवून जुळवा. गाडी सुरू झाल्यावर टायमिंग लाईट लावा. स्पार्कची माळ देणारा बॉक्स असेल तर मागे डायल असलेला टायमिंग लाईट फसतो. साधा लाईट वापरा आणि पुलीवर 10, 20, 30 अंशांच्या खुणा पांढऱ्या रंगाने स्वतः काढा. आयडलला बघा, मग 3000 ला बघा. खूण स्थिर असली पाहिजे.

याच वेळी डिस्ट्रिब्युटरच्याच कर्व्हवर चालणाऱ्यांना ॲनालॉग इलेक्ट्रॉनिक्सची एक खोड कळून येईल. सर्किटमधला ठराविक उशीर आरपीएमसोबत अंशांत वाढत जातो. 50 मायक्रोसेकंदांचा उशीर 1000 आरपीएमला 0.3 अंश असतो, 6000 ला 1.8 अंश. त्यामुळे टायमिंग आयडलला लावून समाधान मानू नका, वरच्या आरपीएमला आकडा बघून लावा. डिजिटल बॉक्समध्ये हा उशीर बहुधा हिशेबात धरलेला असतो, पण तपासणं तिथेही चुकत नाही.

इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढू नका. अल्टरनेटरचा उसळलेला व्होल्टेज थेट बॉक्सवर येतो. बॉडीवर वेल्डिंग करायचं असेल तर आधी बॅटरी आणि बॉक्स दोन्ही सोडवा.

दुरुस्तीचा विचार

ॲनालॉग बॉक्स उघडता येत असेल तर त्यातला ट्रान्झिस्टर सोल्डरिंग करणारा कुणीही बदलू शकतो. डिजिटल बॉक्स बहुधा राळेत बुडवलेला असतो, गेला की गेला. शिवाय नकाशा बदलायला लागणारं सॉफ्टवेअर, केबल किंवा मोबाईलचं ॲप दहा वर्षांनी चालेल का, हा प्रश्न विकत घेतानाच विचारावा. चावी फिरवून लांबच्या, एकाकी रस्त्याने निघणाऱ्या माणसाला मी म्हणूनच बऱ्याचदा ॲनालॉग सुचवतो, त्याचं इंजिन बदललेलं नसेल तर.

दोन्हीपैकी काहीही बसवलंत तरी काढलेले पॉईंट फेकू नका. पॉईंटची प्लेट, कंडेन्सर, जुनी 3 ओहमची कॉईल, एक गॅप-पट्टी आणि लागणारा स्क्रूड्रायव्हर एका फडक्यात गुंडाळून डिकीत ठेवा. वायरिंग करताना कॉईलच्या जुन्या दोन वायरी कापू नका, टोकांना टेप लावून बांधून ठेवा आणि त्यांवर कोणती प्लस, कोणती मायनस ते लिहा. डिस्ट्रिब्युटर जागेवर असेल आणि वजनं लॉक केलेली नसतील तर बॉक्स वाटेत गेल्यावर अर्ध्या तासात गाडी पुन्हा पॉईंटवर येते. वजनं लॉक केली असतील तर हा मार्ग जवळजवळ बंद होतो. मग फडक्यात पॉईंटऐवजी दुसरा बॉक्सच ठेवावा लागतो, त्यात तुमचा नकाशा आधीच भरलेला.